राईच्या मंडईचा अहवाल

मीरा रोड
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय व्हेरा,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील असं लिहायची पद्धत आहे, पण तू बरी नसणार हे मला ठाऊक आहे. तू फोन उचलत नाहीस, मेसेज पोचत नाहीत, म्हणजे ब्लॉकच केलं असशील. म्हणून हे पत्र. डिप्लोमाच्या सुट्टीत तू उत्तनहून मला पत्रं पाठवायचीस, मी उत्तरं द्यायचे. त्यानंतर हाताने कुणाला पत्र लिहिलेलं आठवत नाही. अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

ऑगस्टीन अंकल कसे आहेत? वडिलांच्या दुखण्यात तुझी धावपळ चालली असेल. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं एवढं मंडईतल्या काशीनाथकाकांकडून कळलं. वॉकर धरून उभे राहतात का? आमच्या सोसायटीत एक जण घरी जाऊन व्यायाम करून घेतो, चांगला आहे. त्याचा नंबर पत्राच्या पाठीमागे लिहिलाय. हवं तर माझं नाव सांगू नकोस.

इकडे दिव्याची दहावी चालू आहे. या आठवड्यात गणित. घरात सगळे दबक्या पावलांनी वावरतोय. अभिनव ऑफिसमधून लवकर येतो आणि तिच्यासमोर बसून पेपर वाचल्याचं नाटक करतो. तिला तुझी आठवण येते. भूमितीच्या आकृत्या व्हेरामावशीसारख्या कुणालाच समजावता येत नाहीत म्हणते.

बुधवारपासून तुमचा उपवासकाळ सुरू होईल. गेल्या वर्षी तू चहा सोडला होतास आणि माझ्या ऑफिसात येऊन माझ्या कपाकडे बघत बसायचीस. यंदा काय सोडणार ते विचारायची माझी हिंमत होत नाही.

मंडईबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण मग या पत्रात उरतं काय?

मला माहितीये, राईची मंडई तुझ्यासाठी नुसतं काम नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तू मला तिथे पहिल्यांदा नेलंस तेव्हा चाळीस ओट्यांपैकी सहा चालू होते. एका खणात कुणीतरी रिक्षा लावली होती. मिठाच्या व्यापाऱ्यांनी आणि गावाने मिळून बांधलेली ती अठरा खणांची लांबलचक इमारत, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं, आणि तू हात पसरून म्हणालीस, ‘‘स्वप्ना, हे गावाचं अंगण आहे. माणसं परत आली की बिल्डिंग आपोआप जगेल.’’ मला तेव्हा ते आर्किटेक्ट लोकांचं नेहमीचं बोलणं वाटलं होतं. पण तू रविवारचा बाजार सुरू करून दाखवलास. राईच्या मळ्यातली भाजी, उत्तनची सुकट आणि बोंबील, तुझ्या आँटीचे तळलेले गोल पाव, फुगे. मीरा रोडच्या टॉवरमधली माणसं पिशव्या घेऊन यायला लागली. बंद पडलेलं पिठाच्या गिरणीचं दुकान उघडलं, सायकलवाला परत आला. गेल्या दिवाळीत एकतीस ओटे भरलेले मी स्वतः मोजलेत.

आणि मग दुरुस्तीच्या परवानगीसाठी स्ट्रक्चरल ऑडिट लागलं. तू बाजार समितीला म्हणालीस, बाहेरचा इंजिनीअर कशाला, स्वप्नाली आपली आहे.

मी ‘अतिधोकादायक’ लिहिलं. अहवाल नियमाप्रमाणे जागेच्या मालक ट्रस्टकडे गेला, पालिकेत गेला, आणि जानेवारीत रिकामी करायची नोटीस खांबावर चिकटली. ट्रस्टला तिथे टॉवर हवाच होता. त्यांना माझ्या कागदाने वाट करून दिली. हे सगळं मला कळतं, व्हेरा. पण इंजिनीअरने मैत्रीकडे बघून सही करायची नसते. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तू माझा दंड धरून विचारलंस, ‘‘तू वर बघितलंस ना? मग काय दिसलं ते सांग.’’ मी म्हटलं, मी बघितलं ते लिहिलं. आजही तेच सांगते.

अंकल शिडीवर चढले ते चुकलंच. हाडाचे सुतार असले तरी सत्तराव्या वर्षी, लाकूड ठणठणीत आहे हे समितीला दाखवायला, हातात हातोडी घेऊन. शिडीचा पाय सरकला, इमारतीचा काही दोष नव्हता. पण त्यांना कुणी अडवायला हवं होतं.

माझं ऐकशील तर दुसऱ्या इंजिनीअरकडून तपासणी करून घ्या. तीन चांगली नावं पाठीमागे लिहिलीत. अपिलाची मुदत अजून आहे. मी तिथे येणं बरं दिसणार नाही.

अंकलना माझा नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

तुझी,
स्वप्ना


मीरा रोड
गुरुवार, २० मार्च २०२५

प्रिय व्हेरा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी गृहीतही धरलं नव्हतं. दिव्याची परीक्षा संपली. ती दोन दिवस नुसती झोपून आहे. अंकलना घरी आणलं हे कळलं.

सोमवारी काशीनाथकाका माझ्या ऑफिसात आले होते.

त्यांना मीरा रोडला आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. धोतराऐवजी पँट घातली होती, आणि खुर्चीच्या कडेवर बसले होते, जणू लगेच उठायचंय. पाणी प्यायले. चहा नको म्हणाले. त्यांचं दोर आणि जाळ्यांचं दुकान आता घराच्या पडवीत आहे, गिऱ्हाईक तिथवर येत नाही असं सांगितलं. मग म्हणाले, ‘‘पोरी, येकच इचारतो. तू वरती चढली व्हतीस का?’’

मी म्हटलं, ‘‘हो, चढले होते.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. माझी बहुतेक त्यांना लाज वाटत होती.

‘‘मंडईन शिडी येकच हाय,’’ ते म्हणाले. ‘‘ती माज्या तिथल्या दुकानान असते, आकड्याला बांधलेली. तू आलीस त्या दिवशी मी सकाळधरनं दुकानानच व्हतो. कोनी शिडी मागाया आला न्हाय.’’

बाहेर माझी ड्राफ्ट्समन संजना प्रिंट काढत होती, त्या मशीनचा आवाज फक्त येत होता.

‘‘तुम्ही समितीला का नाही सांगितलं?’’ मी विचारलं.

‘‘मला वाटला तू सांगशील.’’

मग ते उठले आणि गेले. व्हेराला मी काही बोललेलो नाही, एवढं दारातून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राईला गेले. काकांनी शिडीचा दोर सोडून ती मला दिली आणि पायथा स्वतः धरून उभे राहिले. मी अठराही खण तपासले, व्हेरा. साडेसातला सुरू केलं ते दुपारी दोनपर्यंत. प्रत्येक खांब खालपासून वरपर्यंत हातोडीने वाजवला, शंका आली तिथे बारीक गिरमिटाने भोक पाडून भुसा बघितला, कौलांचा भार पेलणाऱ्या प्रत्येक लाकडी कैचीच्या जोडात बोट घातलं. छत्तीस खांबांपैकी तेहेतीस चांगले आहेत. दोन खांबांच्या पायाला वाळवी आहे, एक मधोमध चिरलाय. कैच्या तर अशा आहेत की आज कुणी तसं काम करून देणार नाही. सगळ्यात नवे जोड अंकलनी चौऱ्याण्णव साली बसवलेले, आठ खांब आणि त्यांच्या वरचं सगळं. एका तुळईवर त्यांनी खिळ्याने आपलं नाव कोरलंय. खालून दिसत नाही.

इमारत पडणार नाही. दुरुस्त होईल. तू पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतीस.

आता मी तुला ते सांगते जे अभिनवलाही सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरात मी मंडईत गेले तेव्हा अर्धा तास थांबले. खालून फोटो काढले, कौलांतून झिरपलेल्या पाण्याचे डाग टिपले. वर चढायची वेळ आली आणि मी शिडी मागितलीच नाही. वर जाऊन मला लाकूड चांगलं दिसलं असतं तर मला ‘चांगलं’ लिहावं लागलं असतं. तेच मला करता येत नव्हतं. अहवालातले लाकडाच्या तपासणीचे आकडे दुसऱ्या इमारतीचे आहेत. भाईंदरच्या एका जुन्या गोदामाचे. मी ते उचलून टाकले आणि सही केली.

राईत लोक म्हणतात मी ट्रस्टचे पैसे खाल्ले. तूही म्हणत असशील. तसं असतं तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं की का केलं.

तुला नया नगरमधली ती चार मजली इमारत आठवते? दोन वर्षांपूर्वीची. तू तेव्हा गोव्याला होतीस, तुला मी एवढंच सांगितलं होतं की एक अपघात झाला, चौकशी झाली, मी सुटले. मी त्या इमारतीला ‘दुरुस्ती करून वापरता येईल’ असं लिहिलं होतं. चार महिन्यांनी दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघराचा स्लॅब खाली आला. खाली पहिल्या मजल्यावर विमलाबाई पोळ्या लाटत होत्या. त्या काही त्या घरच्या नव्हत्या, पोळ्या करायला यायच्या. वरच्या फ्लॅटवाल्याने कुणाला न विचारता भिंत पाडली होती, असं चौकशीत निघालं. माझा दोष नाही असं कागदावर आहे. तो कागद माझ्याकडे आहे. मी तो कितीदा वाचलाय सांगू शकत नाही.

विमलाबाईंची मुलगी चौकशीला यायची. ती माझ्यावर कधी ओरडली नाही. एकदा फक्त विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही बघितलं होतं ना नीट?’’

त्यानंतर मी एकाही इमारतीला ‘राहण्यालायक’ लिहिलेलं नाही. धोकादायक लिहिलं की कुणी मरत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. माणसं फक्त घर सोडून जातात. फक्त बाजार बंद होतो.

आणि मग अंकल पडले.

व्हेरा, मी यातून मार्ग काढते. मी ‘फेरतपासणी’ म्हणून दुसरा अहवाल देते. नवीन उपकरणं वापरली, नवी माहिती मिळाली, त्यामुळे वर्गवारी बदलतेय, असं लिहिता येतं. असं होतं कधी कधी. त्यात कुणी खोलात जात नाही. पण आकड्यांचं हे तू कुणाला बोलू नकोस. दिव्याचा अकरावीचा प्रवेश व्हायचाय, घरात मी एकटी कमावती नसले तरी हा फ्लॅट माझ्या कामावर उभा आहे, आणि परवाना गेला तर मला दुसरं काहीच येत नाही. तुझ्या पाया पडते. हे आपल्या दोघींत राहू दे.

तू एकदा फोन उचल. एकदाच.

तुझी,
स्वप्ना


मीरा रोड
शनिवार, १२ एप्रिल २०२५

व्हेरा,

माझं मागचं पत्र तू परत पाठवलंस ते २६ तारखेला मिळालं. पाठीमागे तुझं वाक्य होतं: ‘मला नको सांगूस. ज्यांना खोटं लिहून दिलंस त्यांना खरं लिहून दे.’

पंचवीस वर्षांत तू मला लिहिलेलं सगळ्यात छोटं पत्र.

त्यानंतर काय झालं ते तुला काशीनाथकाकांनी सांगितलं असेल, समितीतल्या बायकांनी सांगितलं असेल. पण त्यांना एक गोष्ट माहीत नाही. ती मीच सांगायला हवी.

२७ तारखेला, गुरुवारी, मी अर्ज लिहिला. खरा. वर चढले नव्हते, तपासणी केली नव्हती, आकडे दुसरीकडचे आहेत, अहवाल रद्द समजावा, मंडई दुरुस्तीयोग्य आहे. पानभर. सही केली, तारीख घातली. आणि पिशवीत ठेवला.

शुक्रवारी पालिकेच्या दारापर्यंत गेले आणि रिक्षा परत फिरवली. शनिवारी दिव्याच्या पाडव्याच्या खरेदीला गेले. रविवारी पाडवा. सोमवारी ईदची सुट्टी. मंगळवारी मी पुन्हा गेले, इनवर्डच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिले, माझ्या पुढे दोन माणसं राहिली होती आणि मी रांगेतून बाहेर पडले. खालच्या टपरीवर चहा घेतला. उद्या देऊ म्हटलं. पाडापाडीची तारीख अजून ठरलेली नाही असं माझ्या कानावर होतं.

ती ठरली होती. ट्रस्टने नोटिशीच्या आधारावर स्वतःचा कंत्राटदार लावला होता.

बुधवारी सकाळी नऊला काकांचा फोन आला. ‘‘मशीन आलीय,’’ एवढंच म्हणाले. मागे बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी अभिनवला काही न सांगता निघाले. पिशवी खांद्यालाच होती.

मी पोचले तेव्हा पाच खण गेले होते.

तुला ते दृश्य मी सांगणार नाही. तू अंकलना घेऊन तपासणीला भाईंदरला गेली होतीस म्हणून तुला ते बघावं लागलं नाही, याचं मला बरं वाटतं. कौलांची धूळ इतकी होती की पलीकडची माणसं दिसत नव्हती. सुकटवाल्या बायका सहाव्या खणाच्या ओट्यांवर बसल्या होत्या, उठत नव्हत्या. पोलीस बायका त्यांना हाताला धरून उठवत होत्या. काका खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या अंगावर लाल माती पडलेली होती आणि ते ती झटकतही नव्हते.

मी मशीनच्या सुपरवायझरला म्हटलं थांबवा. तो म्हणाला, ‘‘मॅडम, हमको ऑर्डर है. आप साइड में हो जाओ, लग जाएगा.’’ पालिकेचा एक तरुण ज्युनिअर इंजिनीअर देखरेखीला होता. त्याच्याकडे गेले. त्याने मला ओळखलं. माझ्या लेक्चरला बसलेला असणार कधीतरी.

‘‘मॅडम, तुमचाच अहवाल आहे,’’ तो म्हणाला.

‘‘तो खोटा आहे,’’ मी म्हटलं आणि अर्ज त्याच्या हातात दिला.

त्याने वाचला. पुन्हा वाचला. तारखेपाशी थांबला.

‘‘हा सत्तावीसचा आहे. आज दोन तारीख.’’

‘‘हो.’’

‘‘याचा अर्थ काय होतो कळतंय ना तुम्हाला?’’

‘‘कळतंय. तुम्ही काम थांबवा.’’

त्याला एकट्याला थांबवायचा अधिकार नव्हता. तो फोन करायला बाजूला गेला. वरिष्ठ मीटिंगमध्ये होते, मग दुसऱ्यांना लावला, मग फोटो काढून अर्ज पाठवला. आणि तेवढा वेळ मशीन चालूच होतं. सहावा खण गेला. सातवा जाताना तुळई मोडली नाही, व्हेरा. खांब खाली गेले तरी ती आडवी तशीच लटकत राहिली, मशीनने दोनदा आपटल्यावर निखळली. मी दहा फुटांवर उभी होते. ‘अतिधोकादायक’ असं मी जिच्याबद्दल लिहिलं होतं ती हीच.

मग फोन आला आणि काम थांबलं. अकरा खण उभे आहेत.

अर्ज मी गुरुवारी, शुक्रवारी, मंगळवारी, कधीही दिला असता तर अठरा असते. हे काकांना आणि बायकांना माहीत नाही. तारखेचं त्या मुलाने कुणाला सांगितलं नाही अजून, पण फाईलला ते आहे, आणि चौकशीत मी स्वतः सांगणार आहे.

बायकांना कळलं मी कोण आणि काय लिहून दिलं, तेव्हा एक जण माझ्या अंगावर धावून आली. मला वाटतं तिला मारू द्यायला हवं होतं. काकांनी तिला धरलं. मला म्हणाले, ‘‘तुजा काम झाला. आता घरी जा. हिकडं परत येव नको, येवढ्यात तरी न्हाय.’’

घरी येऊन अभिनवला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘दिव्याला काय सांगायचं?’’ दिव्या आतून ऐकत होती. तिने अर्जाची प्रत मागितली, वाचली आणि परत दिली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. परीक्षेच्या काळात सांगितलं असतं तर पेपर गेले असते, म्हणून मी गप्प राहिले, असं मी तिला सांगू पाहिलं. म्हणाली, ‘‘आई, माझं नाव मध्ये आणू नकोस.’’

परवान्यावर स्थगिती आलीय. गुन्हा दाखल होईल की नाही ते अजून ठरलेलं नाही. वकील म्हणतो, कबुली देताना त्याला विचारायला हवं होतं.

आणखी एक. नया नगरच्या त्या अपघातानंतर मी मंडईखेरीज नऊ इमारती अतिधोकादायक ठरवल्या. पाच खरोखर तशा होत्या, शपथेवर सांगते. चारांबद्दल मला माहीत नाही. माहीत नाही, कारण मी नीट बघितलंच नाही. त्यातली एक पाडून झालीय. तिथले लोक कुठे कुठे गेलेत, कुणी नायगाव, कुणी त्याच्याही पुढे. उरलेल्या तीन सोसायट्यांना मी लेखी कळवलंय. एका सेक्रेटरीने पत्र वाचून विचारलं, ‘‘म्हणजे आमची बिल्डिंग चांगली आहे?’’ मी म्हटलं, तेही मी सांगू शकत नाही, दुसऱ्याकडून बघून घ्या. तो हसला. फार वाईट हसला.

मागच्या शनिवारी मी उत्तनला आले होते. तू मंडईच्या बैठकीला गेली असशील हे धरूनच आले. भ्याडपणा म्हण. दार उघडंच होतं. अंकल खिडकीपाशी कॉटवर होते, वॉकर भिंतीला लावलेला, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला. म्हणजे ते त्याला हातही लावत नाहीत, हो ना?

मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तुला लिहिलं होतं ते, आणि अर्ज पिशवीत पडून होता त्या पाच दिवसांचंही.

मी थांबल्यावर अंकल म्हणाले, ‘‘नववा खांब वाजवलास?’’

‘‘वाजवला. पायाशी पोकळ वाटतो.’’

‘‘त्यो मला ठाव हाय. तेवढा कापून खाली दगड घालायचा. बाकी खांब शंभर वर्सं हलनार न्हाय.’’ आणि मग, ‘‘सात खन गेलं म्हंतेस. कुठलं?’’

‘‘खाडीकडचे.’’

त्यांनी डावा हात वर केला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. सावकाश, एकेका खांबाचं नाव घेत असल्यासारखं. मी तिथे उभी होते. मला माहीत होतं ते काय मोजतायत.

‘‘म्हंजे माजं आठच्या आठ गेलं,’’ ते म्हणाले.

चौऱ्याण्णव साली त्यांनी बसवलेले आठ खांब. तुळईवरचं त्यांचं नावही त्यातच होतं. मी ते तिथे बोलले नाही. त्यांना आठवत होतं.

ते भिंतीकडे तोंड करून निजले. त्यांनी मला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. शेवटी पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाले, ‘‘व्हेराला पाच दिसांचं तू सांग. मी सांगनार न्हाय.’’

म्हणून हे पत्र.

आता कामाचं. २२ तारखेला तज्ज्ञांची समिती मंडई बघायला येतेय. ते मला फक्त चौकशीपुरतं बोलावतील, माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही आणि नसावी. तुझी मोजणीची ड्रॉइंग्ज त्यांच्यापुढे ठेव, अठराही खणांची. सात खण पुन्हा उभे करायचे तर तेवढाच पुरावा उरलाय. पडलेलं लाकूड अजून जागेवर आहे, ट्रस्टला ते भंगारात काढायचंय. ते काढू देऊ नका. वापरता येणारं त्यात बरंच आहे, मी लांबूनही सांगू शकते. पावसाच्या आधी उघड्या टोकाला ताडपत्री बांधा, नाहीतर आठवा खण भिजेल आणि तो चांगला आहे. हे सगळं काकांना मी सांगितलं तर ते ऐकतील, पण माझ्याकडून ऐकायची त्यांच्यावर पाळी येऊ नये.

उद्या तुमचा झावळ्यांचा रविवार. दरवर्षी तू माझ्यासाठी झावळीचा विणलेला क्रूस आणायचीस आणि तो वर्षभर माझ्या टेबलावर सुकायचा. यंदा आणू नकोस. आणला असतास असं नाही, पण तरी.

माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही. तू माफ केलंस तर अंकलना पुन्हा चालता येणार नाही आणि खाडीकडचे खण पुन्हा उभे राहणार नाहीत. तुला खरं काय ते माहीत असावं, माझ्याकडून माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिलं.

उत्तराची वाट बघणार नाही असं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. तेही खोटं झालं असतं. मी रोज वाट बघणार आहे.

स्वप्नाली